सरासरी एक्याऐंशी

४ ऑगस्ट

अकरावीचा वर्ग मिळाला. नेमणूक अजून हंगामीच आहे, पण वर्ग माझा, फळा माझा, आणि पहिलाच धडा लॉगॅरिदमचा. गणित विभागाचे प्रमुख, ज्यांना सगळी शाळा मोठे सर म्हणते (उंचीने माझ्याएवढेच आहेत), म्हणाले, दोन आठवड्यांत उरका, सारणी कशी बघायची तेवढं शिकवा आणि पुढे चला. मी विचारलं, पण लॉग म्हणजे काय ते कधी सांगायचं? म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं शिकवतोय. मला कुणी विचारलं नाही, मीही कुणाला विचारलं नाही."

घरी आले तेव्हा बाबा पाठमोरे, नळाखाली हात धूत होते. खिळ्यांच्या यंत्रावरचं तेल सहज निघत नाही. मी दोनदा सांगितलं, वर्ग मिळाला म्हणून. काही बोलले नाहीत. मग आई त्यांच्या समोर जाऊन तेच म्हणाली, तेव्हा कुठे हसले आणि ओल्या हातानेच माझ्या डोक्यावर थोपटलं. त्यांच्याच कारखान्याच्या कचेरीतली जागा सोडून मी शाळेत गेले, त्याचा राग अजून गेला नसावा. माझं बोलणं आईच्या तोंडून गेलं तरच त्यांच्यापर्यंत पोचतं.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. प्रमाणपत्र बाबांनीच भिंतीवर लावलं, त्यांच्या यंत्रावर निघालेल्या खिळ्यांवर. राग आणि अभिमान एकाच माणसात राहू शकतात, असं दिसतं.

५ ऑगस्ट

वाईट गेला तास. व्याख्या फळ्यावर लिहिली, पाया, घात, अटी, सगळं. चाळीस चेहरे पाटीसारखे कोरे. एकाने विचारलं, मॅडम, हे परीक्षेत कितीला येतं? मी आठ गुण म्हणाले. त्याने वही मिटली.

८ ऑगस्ट

आज व्याख्या पुसून टाकली आणि नुसते प्रश्न विचारले. दोनाचा कितवा घात आठ? तिसरा. सोळा? चौथा. दहा?

मग खिडकीजवळच्या बाकावरून ती मुलगी उठली, जिला सगळे वकील म्हणतात, कारण ती शिक्षा ऐकून घेतानाही मुद्दे मांडते. म्हणाली, "तीन आणि चारच्या मध्ये कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे?"

"ते तुम्ही सांगायचं, मॅडम. पगार तुम्हाला आहे."

वर्ग हसला, मीही हसले. म्हणाले, त्या 'कुठेतरी'लाच लॉग म्हणतात. बाकी काही नाही. त्यानंतर अर्धा तास त्यांचं भांडण चाललं होतं, ते तीनच्या जवळ की चारच्या. तास संपल्याची घंटा झाली आणि कुणी उठलं नाही. हे लिहून ठेवते, पुढे वाईट दिवस येतील तेव्हा वाचायला.

१३ ऑगस्ट

कारखान्याचे सुरक्षा अधिकारी बाबांना पंचवीस वर्षं ओळखतात. त्यांच्याकडून आवाज मोजायचं यंत्र दोन दिवसांसाठी मागून आणलं. साधं आहे, हातात मावतं, वर आकडा दिसतो.

एकाने टाळ्या वाजवायच्या: ६८. दोघांनी: ७१. दहांनी: ७८. सगळ्या वर्गाने: ८४. आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण दहा वेळा केलं तर तेच येतं. वर्ग चक्रावला. माणसं चाळीसपट झाली आणि आकडा फक्त सोळाने वाढला? मग सांगितलं, हा आकडा आवाज मोजत नाही, आवाजाचा लॉग मोजतो. दहाने वाढला की आवाजाची ताकद दहापट, विसाने वाढला की शंभरपट. दुप्पट केलं की तीनच वाढतात, कारण दोनचा लॉग शून्य पूर्णांक तीन शून्य एक शून्य, आणि यंत्र तो दहाने गुणून दाखवतं. सारणीतला तो मेलेला आकडा त्यांच्या टाळ्यांतून जिवंत बाहेर आला.

जेवताना हे सगळं बाबांना सांगत होते. मध्येच म्हणाले, "तोंडात घास घेऊन बोलू नकोस. आणि हात खाली घे." म्हणजे अजून मी त्यांच्या लेखी शाळकरीच. त्यांनी आपली खुर्चीही हलवली आहे हल्ली, खिडकीकडे पाठ करून बसतात. आमच्या सगळ्यांच्या तोंडावर उजेड आणि त्यांच्या तोंडावर अंधार. साहेबासारखं.

१७ ऑगस्ट

रविवार. चहाची शिट्टीवाली किटली पार आटेपर्यंत ओरडत होती आणि बाबा हाताच्या अंतरावर पेपर वाचत बसलेले. मी अंघोळीतून ओलेत्याने धावत आले. ते म्हणाले, विचारात होतो. आईही लगेच म्हणाली, विचारात होते ते. कसला विचार करतात, कुणास ठाऊक. निवृत्तीला अठरा महिने राहिलेत. तीस वर्षांची सेवा पूर्ण केली की कारखान्याची ही क्वार्टर नावावर होते, नाहीतर महिन्याभरात खाली करावी लागते. इतकी वर्षं गेली, आता अठरा महिन्यांची काय काळजी.

२० ऑगस्ट

वर्गाला कारखान्याच्या फाटकापर्यंत चालत नेलं. आत जायची परवानगी नव्हती, गरजही नव्हती. फाटकाच्या आत एक काळा फलक आहे. लहानपणी बाबांचा डबा पोचवायला यायचे तेव्हापासून बघते आहे. सुरक्षा अधिकारी दर महिन्याला त्यावर खडूने आवाजाची पातळी लिहितात: खिळे विभाग १०२, पॉलिशचे ढोल (ज्यांत खिळे घोळवून चकचकीत करतात) ९८, पॅकिंग ७६, गोदाम ६८, कचेरी ६१. खाली लाल खडूने: सरासरी ८१, मर्यादा ८५. त्याखाली बरोबरची खूण.

बाबा जेवणाच्या सुट्टीत फाटकाशी आले. मुलांकडे बघून हसले, त्यांच्यातल्या दोघातिघांचे वडील बाबांच्याच विभागात आहेत. सुरक्षा अधिकारी मुलांना म्हणाले, "यंत्र बिघडलं तर बाकीच्यांना आवाजावरून कळतं. यांना तळहाताने कळतं. यंत्रावर नुसता हात ठेवतात." मला फार अभिमान वाटला. हे खरं का, असं बाबांना विचारलं, तर म्हणाले, "हो, हो, चांगली आहेत मुलं."

परत येताना वकील बोटांवर काहीतरी मोजत होती. शाळेच्या दारात म्हणाली, "मॅडम, ही सरासरी काढली कशी?"

मी म्हणाले, तूच सांग.

"बेरीज करून पाचाने भागलं असणार. पण हे तर लॉग आहेत. लॉगची अशी सरासरी चालते?"

इतकी वर्षं त्या फलकासमोरून गेले.

२१ ऑगस्ट

सगळा तास त्यातच गेला. प्रत्येक आकडा लॉगमधून बाहेर काढायचा, मग बेरीज, मग पाचाने भागायचं, मग पुन्हा लॉग. खिळे विभाग निघाला दीड हजार कोटींच्या वर. ढोल सहाशे कोटींच्या वर. पॅकिंग जेमतेम चार कोटी. गोदाम आणि कचेरी मिळून एक कोटीही नाही. उत्तर: साडेशहाण्णव.

एक्याऐंशी नाही. साडेशहाण्णव. पंधराचा फरक म्हणजे तीसपटीच्या वर.

मग वकील म्हणाली, "पण मॅडम, सरासरीत उभं कोण राहतं? माझे बाबा एकशेदोनमध्ये उभे राहतात."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. शिक्षिका मी आहे.

२३ ऑगस्ट

वर्गाने कारखान्याला पत्र लिहिलं आहे. भाषा नम्र, आकडेमोड सोबत जोडलेली, खाली चाळीस सह्या आणि माझी. मोठे सर चष्मा कपाळावर सरकवून वाचत राहिले. म्हणाले, गणित बिनचूक आहे. मग म्हणाले, "बिनचूक गणित घेऊन लोक कुठे कुठे जातात, ते बघितलंय मी." घाबरट माणूस.

घरी पत्र दाखवलं. बाबांनी दोनदा वाचलं. म्हणाले, अक्षर छान आहे. आईने वाचलं नाही, तिला मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पाठवू नकोस."

का? तर म्हणे, मोठ्यांच्या तोंडी लागू नये. मी म्हणाले, चूक आहे ती चूकच. ती म्हणाली, "चूक पळून जाते का? अठरा महिने थांब." आणि भाजी चिरायला बसली.

मला तिचा राग आला. आयुष्यभर नाकासमोर चालली ती, आता मीही तसंच चालायचं? त्या यंत्रघरात बाबाच तर उभे असतात. त्यांच्यासाठीच हे करायचं आणि त्यांच्याच घरातून विरोध. बाबा मात्र मध्ये पडले नाहीत. आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. शेवटी म्हणाले, "पोरांनी सह्या केल्यात. आता मागे घेतलं तर त्यांना काय शिकवलंस?"

पत्र टाकून आले.

२७ ऑगस्ट

सुरक्षा अधिकारी स्वतः शाळेत आले. मला वाटलं, भांडतील. त्यांनी मागच्या बाकावर बसून वकीलकडून सगळं गणित समजून घेतलं. कान लाल झाले होते. म्हणाले, "दहा वर्षं मी पाचाने भागतोय, बाई. कुणी मला हे शिकवलंच नाही." मग मला म्हणाले, "वर कळवावं लागेल. एकदा कळलं की न कळल्यासारखं नाही करता येत." जाताना दारात थांबले, काहीतरी विचारायचं होतं असं वाटलं. "बाबा काय म्हणतात?" एवढंच विचारलं. बरे आहेत, म्हणाले मी. ते मान हलवून गेले.

२ सप्टेंबर

फलक बदलला. सरासरी ९६.५. बरोबरची खूण पुसली. आणि त्याखाली नवी सूचना: खिळे आणि ढोल विभागातल्या सर्व कामगारांची श्रवणचाचणी होईल, कुणालाही सूट नाही.

मुलांनी वर्गात बाकं बडवली. मी ओरडले नाही. चार भिंतींतून बाहेर पडून खरोखर काही बदललेला माझा पहिला धडा. मुख्याध्यापिकांनी सगळ्यांसमोर अभिनंदन केलं.

घरी सांगितलं तेव्हा बाबा बघत होते माझ्याकडे. नीट, सरळ. "कधी आहे?" म्हणाले. बाराला. आई उठून आत गेली.

७ सप्टेंबर

आजचा दिवस सोन्याचा. सकाळी बाबा वही-पेन्सिल घेऊन माझ्यासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "ते तुझं लॉग मला शिकव."

सातवी शिकलेला माणूस. मी जीव ओतून शिकवलं. शून्य म्हणजे शांतता नव्हे, तर निरोगी कानाला ऐकू येणारा सगळ्यात बारीक आवाज. तिथून दर दहाला एक पायरी. चाचणीत कसं करतात तेही सांगितलं, काल वाचलं होतं: आवाज हळूहळू मोठा करतात, जिथे पहिल्यांदा ऐकू येईल तिथे बोट वर करायचं, तो आकडा लिहितात. वीसपर्यंत उत्तम.

ते म्हणाले, "आणि कुणाला साठला ऐकू आलं तर?"

"मग वाईट."

"साठ म्हणजे सहापट?"

"नाही बाबा, सहा पायऱ्या. प्रत्येक पायरीला दहापट. दहा लाख पट."

त्यांनी मला तो आकडा लिहायला लावला. एकावर सहा शून्यं. प्रत्येक शून्यावर पेन्सिल टेकवून मोजली. मग कागद फाडून घडी घातली आणि खिशात ठेवली. "बरं," म्हणाले. इतका मन लावून ऐकणारा विद्यार्थी मला वर्गात मिळाला नाही. राग गेला बहुतेक.

१० सप्टेंबर

दोन दिवस संध्याकाळी आई आणि बाबा आतली खोली लावून बसतात. आईचा आवाज येतो, "आता? आता?" विचारलं तर म्हणे कपाट आवरतोय.

१३ सप्टेंबर

काल चाचणी झाली. बाबा आल्यावर मी विचारलं, तर मान हलवली, हो आणि नाहीच्या मधली.

आज मधल्या सुट्टीत वकील आली. तिचे वडील रांगेत बाबांच्या मागेच उभे होते. ती खूश होऊन सांगत होती, खरंच कौतुकाने. "मॅडम, तुमचे बाबा भारी आहेत. त्या केबिनच्या काचेत तपासणाऱ्याचा हात दिसत होता. त्याने बटण दाबलं की हे बोट वर करायचे. एक कान असाच पास केला. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने पडदा ओढून दोन्ही कान पुन्हा तपासले. माझ्या बाबांना सुचलंच नाही ना ते."

तिला वाटत होतं, मला माहीत आहे.

पुढचा तास मी घेतला. काय शिकवलं, आठवत नाही. फळ्याकडे तोंड करून बोलत होते आणि मध्येच गप्प झाले, कारण पाठमोरं बोलणं म्हणजे काय, ते त्या क्षणी कळलं.

१४ सप्टेंबर

आईने ट्रंकेतून एक कागद काढला. दोन वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या गावी जाऊन तपासून आले होते, मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. दोन्ही कान, वाईटात वाईट साठ. ओठ वाचायला आईने शिकवलं त्यांना. तिलाही कुणी शिकवलं नव्हतं. आरशासमोर बसून दोघं शिकले.

मला का नाही सांगितलं, विचारलं.

"तू खरं सांगितल्याशिवाय राहिली नसतीस," आई म्हणाली. "बाबा म्हणाले, तिला खोटं बोलायला लावायचं नाही. म्हणून तुलाच फसवलं."

मी म्हणाले, पत्र पाठवतानाच थांबवायचं. हात धरायचा.

"मी थांबवत होते. त्यांनी जाऊ दिलं."

१८ सप्टेंबर

चाचणीचे कागद आले. आईने पाकीट न फोडता माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, तुलाच वाचता येईल.

आलेख आहे. आडव्या अक्षावर स्वराची उंची, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, सारख्या अंतरावर. म्हणजे आडवा अक्षही लॉगचा, उभाही लॉगचा. वर्गात दाखवायला याहून चांगलं उदाहरण मिळालं नसतं. बाबांची रेघ चाळीसपासून निघते आणि चार हजाराशी पंच्याहत्तरवर जाऊन पडते. दोन वर्षांत आणखी खाली गेली आहे.

त्यांच्यासमोर बसले. उजेडाकडे तोंड करून, हात खाली ठेवून, सावकाश सगळं सांगितलं. त्यांनी खिशातून तो कागद काढला, शून्यांचा. "मग आता किती शून्यं?" मी म्हणाले, काही आवाजांना सात, आणि वर तीनपट. "म्हणजे दोन वर्षांत बरीच वाढली," म्हणाले, यंत्राच्या सुट्या भागाबद्दल बोलावं तसं.

२२ सप्टेंबर

फलकावर यादी लागली. एकशे बारापैकी एकोणचाळीस जण. यंत्रावर काम करण्यास अपात्र, सुरक्षिततेच्या कारणास्तव. दुसरीकडे जागा नाही. क्वार्टर महिनाअखेर खाली करावी. यादी सुरक्षा अधिकाऱ्यांच्या अक्षरात आहे. ते फाटकापाशी उभे होते, मला पाहून आत गेले.

वर तसंच लिहिलेलं आहे: खिळे विभाग १०२. यंत्रं चालू होती. उरलेल्यांना कानात घालायला कापूस दिला आहे.

२४ सप्टेंबर

मोठ्या सरांनी बोलावलं. माझी नेमणूक कायम झाली. लॉगॅरिदमच्या उपक्रमाचा पत्रात खास उल्लेख आहे. ते कागद पुढे सरकवून खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटलं होतं, मी सांगितलं होतं असं म्हणतील. म्हणाले, "सही करा. तुमच्या घरात आता एक तरी पगार लागेल."

त्यांना मी घाबरट लिहिलं होतं. ते खोडत नाही. तसंच राहू दे.

२६ सप्टेंबर

वकील दाखला न्यायला आली. तिच्या वडिलांचंही नाव यादीत होतं, सगळे तिच्या मामाच्या गावी चाललेत. तिथल्या शाळेत अकरावीला गणित नाही. पत्राच्या आकडेमोडीची वर्गाची वही परत द्यायला आली होती, मी म्हणाले ठेव.

दारातून वळून म्हणाली, "मॅडम, आपलं उत्तर बरोबर होतं ना?"

"हो."

"नाही, मी रात्री पुन्हा केलं. साडेशहाण्णवच येतं."

ती वही दप्तरात ठेवून गेली.

२९ सप्टेंबर

सामान बांधून झालं. शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या आहेत. आई भांडी कागदात गुंडाळते आहे, एकेक, न वाजवता. आता वाजली तरी काय, पण बाबा दचकत नाहीत हे मला कळू नये म्हणून लागलेली सवय.

बाबा भिंतीवरचे खिळे काढत होते. माझं प्रमाणपत्र आधी उतरवून खाटेवर ठेवलं, काच वर करून. मग पकडीने एकेक खिळा ओढून, वाकला असेल तर सरळ करून, डबीत टाकत होते. त्यांचेच खिळे, नेणार. पाठ माझ्याकडे होती.

मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि म्हणाले, बाबा, माझं चुकलं. ते खिळा सरळ करत होते. मी पुन्हा म्हणाले. तिसऱ्यांदा मोठ्याने म्हणाले, इतक्या मोठ्याने की आतून भांड्यांचा कागद वाजायचा थांबला. बाबांनी खिळा उजेडात धरून पाहिला आणि डबीत टाकला.

मग मी पुढे गेले, त्यांच्या समोर, खिडकीकडे तोंड करून. त्यांनी मान वर केली आणि माझ्या ओठांकडे बघत राहिले. वाट बघत होते.

इथून त्यांना सगळं ऐकू येतं.

"चहा ठेवू का?" मी म्हणाले.

"ठेव," बाबा म्हणाले. "किटलीजवळ बसतो मी."